बेवारस गलबताचा धनी

वादळात सापडून किनाऱ्याला लागलेले, आत माणूस नसलेले गलबत कोणाचे, हा प्रश्न करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, राज्याला परका नव्हता. आजच्या कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र लागत नाही. गगनबावड्याला सह्याद्रीच्या माथ्यावर जिल्ह्याची हद्द संपते आणि खाली कोकण सुरू होते. पण १८१२ पर्यंत मालवणचे बंदर, सिंधुदुर्ग आणि त्याच्या आजूबाजूचे पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे किल्ले करवीरकर छत्रपतींचे होते. पन्हाळ्यावर आणि पुढे कोल्हापुरात बसून राज्य करणाऱ्यांना घाटाखालच्या दर्याचाही कारभार पाहावा लागे. पकडलेली, भरकटलेली, फुटलेली आणि टाकून दिलेली गलबते हा त्या कारभाराचाच एक भाग होता.

अशा गलबतावर तिघांचा डोळा असतो. ज्याचे पैसे त्यात अडकले तो धनी, ज्याला ते सापडले तो गावकरी किंवा खलाशी, आणि ज्याच्या किनाऱ्याला ते लागले तो राजा. या तिघांत कोणाचा हक्क मोठा, हे प्रत्येक काळाने आपापल्या सोयीने ठरवले. धन्याचा शोध घ्यायचा की नाही, घ्यायचा तर कोणी आणि किती दिवस, हेही त्यावरच ठरत गेले. मराठीत अशा वस्तूला सरसकट ‘बेवारस’ म्हणतात. शब्दाचा अर्थ वारस नसलेला. गलबताच्या बाबतीत तो क्वचितच खरा असतो. वारस कुठेतरी असतोच, फक्त तो दुसऱ्या बंदरात असतो आणि आपले गलबत बुडाले असे समजून हात चोळत बसलेला असतो.

मालवणचा किनारा गलबतांना सोपा नाही. कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे आणि बेटाभोवती पाण्याखाली दडलेले खडक आहेत. किल्ल्यासाठी ही जागा पसंत पडली त्याचे एक कारण हे खडकच. त्यांच्यामधली वाट ठाऊक असलेला तांडेल डोळे मिटून आत येईल, अनोळखी जहाज मात्र तळ फोडून घेईल. शत्रूला अडवणारा खडक वाट चुकलेल्या व्यापाऱ्यालाही ओळख दाखवत नाही. त्यात हंगामाची दोन टोके धोक्याची. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की दर्या बंद होतो, तो नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा उघडतो. शेवटची खेप उरकून घराकडे घाई करणारे गलबत पावसाच्या तोंडावर सापडले, तर खलाशी होडीने जीव वाचवत आणि गलबत वाऱ्याच्या हवाली करत. रिकामे गलबत मग वारा नेईल तिकडे जाई. नैर्ऋत्येचा वारा नेतो तो किनाऱ्याकडेच.

किनाऱ्याला लागलेला माल राजाचा, ही समजूत हिंदुस्थानच्या दोन्ही किनाऱ्यांवर जुनी होती. आंध्र किनाऱ्यावरच्या मोटुपल्ली बंदरात काकतीय राजा गणपतिदेवाचा १२४४-४५ चा शिलालेख आहे. परदेशी व्यापाऱ्यांना अभय देताना राजा त्यात सांगतो, की वादळाने फुटून किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्या जहाजांवरचे सोने, हत्ती, घोडे, रत्ने असे सगळे आधीचे राजे बळाने काढून घेत. आपण मात्र ठरलेली जकात तेवढी घेऊन बाकीचे सोडू. जुनी चाल काय होती याची यापेक्षा स्वच्छ कबुली मिळणे कठीण. त्याच शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने मलबारच्या एली राज्याबद्दल लिहिले आहे. तिथे मुद्दाम आलेल्या जहाजाचा मान राखला जाई, पण दुसरीकडे निघालेले जहाज चुकून आले तर देवानेच ते आपल्याकडे धाडले असे म्हणून लुटले जाई. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मलबारात हेच पाहिले आणि त्याला एकच अपवाद नोंदवला. कालिकतला फुटलेल्या जहाजाचा माल धन्याला परत मिळे, आणि म्हणूनच ते बंदर भरभराटीला आले, असे तो सांगतो. त्याच्या वकिलातीचे एक जहाज कालिकतच्याच किनाऱ्यावर वादळात फुटले होते, तेव्हा त्याच्या या नोंदीला वजन आहे.

या तिन्ही नोंदींवरून एक गोष्ट दिसते. धन्याचा हक्क दयेतून आला नाही, बंदरांच्या चढाओढीतून आला. व्यापारी ज्या बंदराला हवा होता तिथे त्याचे फुटके गलबतही त्याचेच राहिले. ज्या किनाऱ्याला व्यापाऱ्याची पर्वा नव्हती तिथे ते राजाचे झाले.

कोकणची चाल कोणती होती, हे १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर नोंदले गेले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर आला होता. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई, जकातीचे दर आणि वखारी घालण्याची परवानगी यांबरोबर इंग्रजांचे एक कलम असे होते, की कंपनीची किंवा मुंबईच्या रहिवाशांची जहाजे महाराजांच्या किनाऱ्यावर फुटली तर ती मालासह परत मिळावीत. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात या वाटाघाटींचा वृत्तान्त आहे. बहुतेक मागण्यांना मान्यता मिळाली, दोन मात्र अडल्या. एक नाण्यांची आणि दुसरी ही. उत्तर असे आले, की वादळाने किंवा अन्य कारणाने किनाऱ्याला लागलेली जहाजे आणि माल परत देणे कोकणच्या कायद्याविरुद्ध आहे. इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही ती मागतील, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल मोडल्याखेरीज ती देता येणार नाही.

हे उत्तर हावरेपणाचे नाही, हिशेबी आहे. एका टोपीकराला, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्याला, दिलेली सवलत सगळ्या टोपीकरांना द्यावी लागते, हे महाराजांच्या मुत्सद्द्यांनी अचूक हेरले होते. शिवाय समोरच्या पक्षाचे हातही स्वच्छ नव्हते. इंग्लंडमध्ये तेव्हा समुद्राने टाकलेला बेवारस माल कायद्याने राजाचाच होता. स्वतःच्या किनाऱ्यावर राजाचा हक्क सांगणारे लोक परक्या किनाऱ्यावर धन्याचा हक्क मागत होते. एक फरक मात्र खरा. इंग्लंडच्या कायद्याने धन्याला मुदत दिली होती. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात म्हटले आहे, की जहाजावरून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटले असेल तर ते जहाज बेवारस धरू नये. माल जपून ठेवावा आणि वर्ष नि एक दिवसाच्या आत धन्याने पुरावा दिला तर तो परत करावा. मांजराच्या जिवावर जहाजाची मालकी टिकवणारा हा कायदा हास्यास्पद वाटतो, पण त्यातली मुदतीची कल्पना पुढे शतकानुशतके टिकली आणि फिरून कोकणातही आली.

छत्रपतींचे राज्य पुढे दुभंगले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर अशी दोन राज्ये रीतसर झाली आणि मालवण-सिंधुदुर्गचा पट्टा करवीरकडे राहिला. त्याआधीच, १७१५-१६ च्या सुमारास, करवीरकर संभाजी महाराजांच्या काळात रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. हे अमात्य बावड्याचे, म्हणजे आजच्या गगनबावड्याचे. घाटमाथ्यावरून समुद्राकडे पाहणाऱ्या माणसाने आरमारावर एक सबंध प्रकरण लिहावे यात नवल नाही. पाच गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजे, आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा, आरमाराचा पगार वेळेवर, सावकारी जहाजांना आश्रय, पावसाळ्यात जहाजे कुठे ओढून ठेवायची, अशी सगळी बारीक व्यवस्था त्यात आहे.

त्यातला जहाजांचा भेद महत्त्वाचा. ज्या गलबताजवळ कौल, म्हणजे फिरण्याचा परवाना, आहे त्याला काडीचा उपद्रव होऊ नये. शत्रूचे नसलेले, परमुलखाचे, पण कौल नसलेले तरांडे आले तर त्याला एकदम सोडायचे नाही आणि लुटायचेही नाही. नजरेखाली ठेवून, दिलासा देऊन बंदरात आणायचे आणि लाकूड-पाणी लागेल ते पुरवायचे. परक्या गलबताबद्दल पहिला प्रश्न ‘कोणाचे?’ हा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत मालाला हात नाही, असे हे धोरण आहे. ‘कोकणच्या कायद्या’ची धार तिथे बोथट झालेली दिसते, निदान कागदावर तरी.

धन्याची हीच काळजी आज्ञापत्रात आणखी एका ठिकाणी आहे. आरमाराला लाकूड लागते. ते तोडताना रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत. झाड जीर्ण होऊन उपयोगाचे उरले नसेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे, असे अमात्यांनी बजावले आहे. झाडाचा धनी शोधायला लावणारा कारभारी पाण्यावरच्या गलबताचा धनी विचारल्याखेरीज राहील, असे संभवत नाही.

धनी ओळखायचा तो कशावरून? पहिला पुरावा कौल किंवा दस्तक. समुद्रावर फिरण्याचा परवाना देण्याची पद्धत पोर्तुगिजांनी कार्ताझ या नावाने रूढ केली होती. त्यात जहाजाचे नाव, नाखव्याचे म्हणजे कप्तानाचे नाव, आकार, हत्यारे, जाण्याचे बंदर आणि नेण्याचा माल यांचा उल्लेख असे. मराठी दस्तकांचा हेतूही तोच होता: कर वसूल करणे आणि ओळख पटवणे. पण टाकून दिलेल्या गलबतावर कागद सापडणे दुर्मिळ. नाखवा होडीत उतरताना आधी कागद कमरेला बांधतो, आणि राहिलेच तर ते खाऱ्या पाण्याने लगदा होतात.

मग गलबतच बोलते. कच्छी कोटियाच्या नाळेच्या टोकाला पोपटाच्या चोचीसारखे कोरीव काम असते. अरबी बघल्याची पिछाडी चौकोनी आणि नक्षीदार. दक्षिणेकडच्या काही होड्यांच्या फळ्यांना खिळाच नसतो, त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. कोकणी मचवा, पडाव, शिबाड यांची ठेवण जाणत्या गाबित खलाशाला लांबूनही कळते. लाकूड सागाचे की आंब्याचे, सांध्यांत काय भरले आहे, बुडाला कोणते तेल फासले आहे, शिडाचे कापड कुठल्या मागाचे, यांवरून बंदर ठरते. बंदर ठरले की तिथल्या सावकारांत कोणाचे गलबत परतले नाही एवढेच विचारायचे उरते. मालाच्या गाठींवर व्यापाऱ्याची खूण असते, ती वेगळीच. माल पाठवणारा आणि गलबताचा धनी पुष्कळदा निराळे असत, त्यामुळे एका गलबतावर दोन-तीन जणांनी हक्क सांगणे नेहमीचे.

या चौकशीला वेळ लागतो, आणि लाकडाकडे वेळ नसतो. खडकावर कलंडलेले गलबत प्रत्येक भरतीला उचलले जाते आणि आपटते. चार-सहा भरत्यांत फळ्या निखळतात. वाळूत रुतलेले असेल तर आत वाळू भरते आणि ते आपल्याच वजनाने फुटते. म्हणून आधी माल उतरवून गलबत हलके करायचे, बुडाखाली ओंडे सरकवायचे, मोठ्या भरतीचा मुहूर्त धरून काथ्याच्या दोरांनी पन्नास-शंभर हातांनी ओढायचे. फुटलेल्या जागी कापूस आणि राळ ठासून ते निदान तरंगेल एवढे करायचे. ही मेहनत गावाची असते, आणि गाव फुकट राबत नाही. धनी सापडला तर मजुरी त्याच्याकडून, नाही सापडला तर गलबतातूनच, हा व्यवहार कायद्याच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी किनाऱ्यावर चालत आला आहे.

मालवणच्या बाबतीत एक गुंता जास्त होता. रिकामे गलबत सापडले, की ते टाकून दिलेले की पकडलेले? खलाशी वादळाला भिऊन पळाले की करवीरच्या गुराबा पाहून? मुंबईकर इंग्रजांच्या लेखी उत्तर ठरलेले होते. त्यांच्या कागदांत मालवणचे आरमार म्हणजे चाच्यांची टोळी, आणि ‘मालवणी’ हा शब्दच चाचा या अर्थाने येतो. करवीरच्या बाजूने पाहिले तर आपल्या पाण्यातून कौलाशिवाय जाणारे जहाज अडवणे हा राजाचा हक्क होता. पोर्तुगीज दोनशे वर्षे तेच करत आले होते आणि कंपनीही आपले परवाने दुसऱ्यांवर लादत होती. समुद्रावर चाचा कोण आणि राजा कोण, हे पुष्कळदा तोफा मोजून ठरत असे.

१७६५ मध्ये तोफा इंग्रजांकडे जास्त निघाल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले. पण किल्ला सांभाळणे महाग पडू लागले आणि पाडणेही सोपे नव्हते. पन्हाळ्यावर तेव्हा जिजाबाई राणीसाहेब दत्तक पुत्राच्या नावाने कारभार पाहत होत्या. १७६६ मध्ये ३,८२,८९६ रुपये देऊन, व्यापाराला त्रास न देण्याचे वचन देऊन करवीरने किल्ला परत मिळवला. वचन फार काळ टिकले नाही. व्यापाऱ्यांच्या गलबतांचे दावे, भरपाईच्या मागण्या आणि पुन्हा तह, असे पुढे जवळजवळ अर्धशतक चालले. गलबताचा धनी आता एकटा सावकार राहिला नव्हता, त्याच्यामागे कंपनीचे सरकार उभे असे. ज्याच्यामागे सरकार नाही अशा देशी नाखव्याचा दावा कोणत्या पेटीत पडून राहिला असेल, हे ताडता येते.

१ ऑक्टोबर १८१२ च्या करवीरच्या तहाने प्रकरण मिटले. मालवणचे बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट कंपनीकडे गेले. लढाऊ जहाजे न बाळगण्याचेही महाराजांनी कबूल केले. कोल्हापूरचा समुद्र त्या दिवशी संपला. सिंधुदुर्गावरच्या शिवराजेश्वराच्या मंदिराशी कोल्हापूरच्या छत्रपतींचे नाते राहिले, बंदराशी राहिले नाही.

यापुढे कोकण किनाऱ्यावर इंग्रजी कल्पना कायदा म्हणून आली. १९२३ च्या आणि मग स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यात फुटलेल्या आणि टाकलेल्या जहाजांसाठी स्वतंत्र भाग होता. १९५८ च्या कायद्याने ‘रिसीव्हर ऑफ रेक’ हा अधिकारी नेमण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. कोणाला असे जहाज किंवा त्याचा भाग सापडला तर त्याने तो लवकरात लवकर या अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचा. स्वतः धनीच असेल तरी खुणांसह कळवायचे. अधिकाऱ्याने वर्णनाचा जाहीरनामा काढायचा. माल नासणारा असेल, किंवा सांभाळण्याचा खर्च किमतीपेक्षा जास्त असेल, तर तो लगेच विकून पैसे ठेवायचे. धन्याला वर्षाची मुदत. त्या आत त्याने हक्क सिद्ध केला आणि वाचवणाऱ्यांची मजुरी व खर्च चुकता केला, की वस्तू किंवा तिचे पैसे त्याचे. मांजराची अट गेली, वर्ष राहिले.

सगळ्यात मोठा बदल कागदावर दिसत नाही. पूर्वी धनी गलबत शोधत येई आणि राजा ते लपवी. आता सरकार धनी शोधते आणि धनी लपतो. लोखंडी जहाज किनाऱ्याला लागले तर ते हलवण्याचा खर्च भंगाराच्या किमतीला मागे टाकू शकतो, तेलगळतीची भरपाई वर. असे जहाज ‘आपले’ म्हणायला कोण पुढे येईल? २००७ च्या नैरोबी करारात म्हणूनच धोकादायक अवशेष हटवण्याची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली आहे आणि मोठ्या जहाजांना त्यासाठी विमा सक्तीचा केला आहे. भारत २०११ मध्ये या करारात सामील झाला.

योगायोगाने त्याच वर्षी मुंबईने त्याचा प्रत्यय घेतला. जून २०११ मध्ये भंगारात निघालेले ‘विस्डम’ हे जहाज ओढणारा दोर तुटल्याने जुहूच्या वाळूत रुतले. ३१ जुलैला ‘पवित’ नावाचे तेलवाहू जहाज तिथेच येऊन थांबले. खलाशांनी ते ओमानजवळ महिनाभर आधी सोडले होते. बुडाले असे समजले गेलेले हे जहाज पावसाळी वाऱ्याबरोबर अरबी समुद्र ओलांडून आले, तोवर त्याची खबर कोणाला नव्हती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर आदळले आणि मिऱ्यावासीयांच्या डोळ्यांसमोर ते दीर्घकाळ गंजत राहिले.

धन्याचा शोध किती लवकर लागू शकतो याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातले. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक मोडकी नौका लागली. आत माणूस नाही, पण तीन एके-४७ रायफली. २००८ च्या नोव्हेंबरात ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका मुंबईजवळ सोडून हल्लेखोर शहरात शिरले होते, त्यामुळे किनाऱ्यावर कोणत्या शंकेने काहूर माजले हे सांगायला नको. दहीहंडीच्या तोंडावर सगळीकडे नाकाबंदी झाली. नौकेचे नाव ‘लेडी हान’. नावावरून आणि आत सापडलेल्या कागदांवरून त्याच दिवशी उलगडा झाला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो विधानसभेत सांगितला. मालकीण ऑस्ट्रेलियाची, तिचा पती कप्तान, मस्कतहून युरोपकडे निघालेली नौका. २६ जूनला इंजिन बंद पडले, कोरियाच्या युद्धनौकेने माणसांना वाचवले, दर्या खवळल्याने नौका ओढून नेता आली नाही. ५३ दिवस वाहत ती कोकणात आली. अठराव्या शतकात मालवणला जी चौकशी महिनोन्‌महिने चालली असती ती काही तासांत झाली. पण प्रश्न तेच विचारले गेले, त्याच क्रमाने: कोणाची, कुठली, आत काय, आणि माणसे कुठे गेली?

समुद्र गेला तरी कोल्हापूरचे पाणी संपले नाही. पंचगंगा, कृष्णा, वारणा, दूधगंगा या नद्यांवर पूल होण्याआधी तरीवरच्या नावा हीच वाट होती, आणि नावाडी आंबी समाजाचे. कृष्णेच्या काठाने संस्थानांची ठिगळे होती: सांगली, मिरज, कुरुंदवाड, कोल्हापूर, मध्ये ब्रिटिश मुलूख. रात्री पाणी वाढून दावणीची नाव सुटली, तर सकाळी ती दुसऱ्याच्या राज्यात सापडायची. ब्रिटिश हद्दीत १८६८ च्या मुंबई तरी व अंतर्गत जलवाहन कायद्याने नावांवर देखरेख होती, शेजारच्या संस्थानात त्याचा अंमल नव्हता. तरी नदीवरच्या नावेचा धनी समुद्रावरच्यापेक्षा लवकर सापडे. नदीची एकच दिशा असते. नाव वरूनच आलेली असते, आणि वरच्या दहा घाटांवर कोणाची नाव गेली हे विचारत जायचे.

आजही पुराच्या दिवसांत हेच होते. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. अशा पाण्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांचे खांब बुडतात आणि सुटलेली होडी त्यांच्यावरून सरळ निघून जाते. पाणी ओसरताना ती एखाद्या बंधाऱ्याच्या खांबाला, जलपर्णीच्या गठ्ठ्यात किंवा उसाच्या फडात अडकते. शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्याच्या खाली गेली तर ती कर्नाटकात पोहोचते आणि प्रकरण दोन राज्यांचे होते.

सापडणाऱ्याने करायचे काय, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे. सापडलेली वस्तू ताब्यात घेणारा हा ठेव सांभाळणाऱ्यासारखाच जबाबदार. धन्याचा शोध आणि वस्तूची निगा यांचा खर्च मिळेपर्यंत त्याने ती अडवून ठेवली तर चालते. विकायची मुभा दोनच प्रसंगी, तीही जी वस्तू सर्वसाधारणपणे विकली जाते तिच्यापुरती आणि धनी मनापासून शोधूनही सापडला नाही किंवा खर्च द्यायला नाकारतो तेव्हाच: वस्तू नासण्याच्या बेतात असेल, किंवा खर्चच तिच्या किमतीच्या दोन तृतीयांश झाला असेल. धनी माहीत असून, किंवा शोध न घेता, वस्तू गिळली तर तो गुन्हा. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ त्यासाठी आहे. पोलीस ठाण्यात कळवणे हा यातला सुरक्षित मार्ग. २०२१ च्या अंतर्देशीय जलवाहन कायद्याने यांत्रिक बोटींची नोंदणी सक्तीची केली आणि बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याची तरतूद केली. होडीच्या कडेला रंगवलेला क्रमांक हा आता तिचा कौल.

एका वाहनाला क्रमांकही नसतो आणि परवानाही. पुरात कोल्हापूर-सांगलीकडे माणसे काहिलीत बसून बाहेर काढतात. गूळ शिजवायची ही लोखंडी कढई दोन-तीन माणसे सहज पेलते, आणि पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असल्याने ती मोकळीच असते. बांबूने ढकलायची, दोराने ओढायची, गरागरा फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरायची. हातातून सुटून ती वाहून गेलीच, तर तिला शोधत येणारा धनी ठरलेला असतो. पाणी उतरून शिवारातला चिखल वाळला, की दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळ पेटायचे असते, आणि तोवर काहील घासूनपुसून चुलवाणावर चढलेली लागते.